अलर्ट पाठवला, पण फोन वाजलाच नाही! जव्हार-मोखाड्यात नोटिफिकेशन अडकतं कुठं?

समजा, पावसाळ्यात दुपारी पालघर जिल्ह्यासाठी विजांचा इशारा निघाला. पालघर शहरात फोन लगेच वाजला. मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावर मात्र तोच इशारा संध्याकाळी, सगळं होऊन गेल्यावर आला. असं का होतं?

ही यंत्रणा चालते कशी?

याला 'पब्लिश-सबस्क्राइब' म्हणतात. पेपरच्या वर्गणीसारखंच. छापणाऱ्याला प्रत्येक वाचक माहीत नसतो. तो गठ्ठा एजंटला देतो आणि एजंट वर्गणीदारांना वाटतो. इथे इशारा देणारा पब्लिशर, मधला सर्व्हर म्हणजे ब्रोकर आणि तुमचं ॲप म्हणजे सबस्क्रायबर. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ब्रोकरचं काम गुगलची 'फायरबेस क्लाउड मेसेजिंग' ही सेवा करते.

मग अडकतं कुठं?

पहिली जागा कनेक्शन. घाटात रेंज गेली की फोन सर्व्हरला 'जातो' असं सांगून जात नाही. सर्व्हरला कनेक्शन चालूच वाटतं. म्हणून फोन ठरावीक वेळाने 'मी आहे' असा छोटा संकेत पाठवतो. १९९९ साली दुर्गम भागातल्या तेलवाहिन्यांची माहिती सॅटेलाइटवरून मिळवण्यासाठी बनलेल्या 'एमक्यूटीटी' पद्धतीत हा नियम पक्का आहे. संकेताची वेळ ६० सेकंद ठरली असेल, तर ९० सेकंद काहीच न आल्यास ब्रोकर कनेक्शन तोडतो.

दुसरी जागा बॅटरी. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पडून असलेला फोन 'डोझ'मध्ये जातो. तेव्हा साधे मेसेज थांबवले जातात, 'हाय प्रायॉरिटी' मेसेजच फोनला जागं करतात. ॲप 'फोर्स स्टॉप' केलं असेल, तर ते पुन्हा उघडेपर्यंत काहीच येत नाही.

तिसरी जागा साठा. फायरबेस मेसेज जास्तीत जास्त २८ दिवस ठेवतं. पण एका ॲपचे १०० मेसेज साचले की साठलेले सगळेच टाकून दिले जातात.

दोष शोधायचा कसा?

१. शेजारच्या फोनवर इशारा आला का? कुणाकडेच नसेल, तर अडचण बहुधा पाठवणाऱ्याकडे किंवा गावच्या नेटवर्कमध्ये.

२. तुमच्या फोनवर इतर ॲपची नोटिफिकेशन्स येतात का? तीही बंद असतील, तर एअरप्लेन मोड चालू करून बंद करा. फोन नव्याने कनेक्शन जोडतो.

३. एकच ॲप गप्प आहे? ते उघडा. नोटिफिकेशनची परवानगी आणि निवडलेला जिल्हा तपासा. बॅटरी सेटिंगमध्ये त्याला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

ॲप बनवणाऱ्यांनी दोन गोष्टी बघायच्या: ब्रोकरकडे किती मेसेज साचलेत आणि फोनकडून पोच येते का. मेसेज साचतायत आणि पोच येत नाही, म्हणजे सबस्क्रायबर अडकलाय.

उशिरा आलेला इशारा कामाचा का?

बैठकीचा निरोप दोन तास उशिरा आला तर बहुतेक वेळा चालतं. हवामान विभागाचा 'नाऊकास्ट' मात्र पुढच्या साधारण ३ तासांपुरताच असतो. अशा मेसेजला पाठवतानाच मुदत घालता येते. मुदत संपली की तो फोनवर येतच नाही. मुदत घातली नाही, तर संध्याकाळी आलेला जुना इशारा नवा वाटतो आणि उगाच धावपळ होते.

यावर दुसरा मार्ग 'सेल ब्रॉडकास्ट'. २०२३ मध्ये फोन जोरात वाजून आलेला चाचणी संदेश आठवतोय? त्याला ॲप किंवा इंटरनेट लागत नाही, टॉवर एकाच वेळी सगळ्या फोनना संदेश देतो. पण रेंज त्यालाही लागतेच.

म्हणजे जिथे टॉवरच पोहोचत नाही, तिथे कोणतीही सेटिंग उपयोगाची नाही. रेंज असलेल्या माणसाने पाड्यावर जाऊन सांगणं, हाच तिथला खात्रीचा मार्ग. आणि घाट चढून रेंजमध्ये आल्यावर फोन एकदम वाजायला लागला, तर इशारा फॉरवर्ड करण्याआधी त्यावरची वेळ बघा.