वऱ्हाडातील तंत्रस्नेही शिक्षक

तंत्रस्नेही शिक्षक ही महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणात रूढ झालेली संज्ञा आहे. संगणक, मोबाइल, प्रोजेक्टर आदी साधने स्वतः अध्यापनात वापरणारा आणि ती वापरण्यास सहकाऱ्यांना मदत करणारा शिक्षक, असा तिचा अर्थ घेतला जातो. वऱ्हाडातील अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळा दोन शिक्षकी आहेत. अशा शाळांत नवे तंत्रज्ञान रुजणे हे साधनांच्या पुरवठ्यापेक्षा जवळच्या माणसाकडून मिळणाऱ्या मदतीवर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मंजूर होतात. त्यांपैकी एकाकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार असतो. पोषण आहाराच्या नोंदी, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते आणि पंचायत समितीतील बैठका ही कामे त्याच्याकडे येतात. तो बाहेर गेला की उरलेल्या एका शिक्षकास चारही इयत्ता सांभाळाव्या लागतात. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी होणारे प्रशिक्षण लहान शाळेला नेहमीच महाग पडते. मोठ्या शाळेतील एक शिक्षक दोन दिवस प्रशिक्षणाला गेला तर त्याचा वर्ग दुसरा घेतो. येथे निम्मी शाळाच प्रशिक्षणाला गेलेली असते.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये सुरू केलेला एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम बहुतेक शिक्षकांनी पूर्ण केला होता. मात्र त्यात शिकवला जाणारा टेबलावरचा संगणक लहान शाळेत क्वचितच होता, आणि पुढे वर्गात आला तो मोबाइल. त्यामुळे प्रमाणपत्र हाती असूनही चित्रफीत उतरवून घेणे, मोबाइलचा पडदा दूरदर्शन संचावर दाखवणे किंवा युनिकोडमध्ये मराठी लिहिणे या गोष्टी पुन्हा शिकाव्या लागल्या. जुन्या फॉन्टमध्ये तयार केलेली प्रश्नपत्रिका मोबाइलवर उघडताच निरर्थक अक्षरांची रांग दिसणे, हा त्या काळातील सर्वपरिचित अनुभव होता.

चळवळीचे स्वरूप

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास लोकवर्गणीतून शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट राज्यभर पसरली. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील संदीप गुंड आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील रणजितसिंह डिसले या शिक्षकांची उदाहरणे इतर जिल्ह्यांत सांगितली जाऊ लागली. डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत वापरलेली क्यूआर कोडची कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दोघेही लहान खेड्यांतील जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक होते. लहान शाळेला हे जमणार नाही, हा समज त्यामुळे बराच सैल झाला.

जिल्हा पातळीवर अमरावती व अकोला येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डायट, प्रशिक्षणाचे काम पाहतात. तालुक्यात गटसाधन केंद्र असते आणि त्याखाली केंद्र, म्हणजे साधारण दहा शाळांचा समूह असतो. प्रत्यक्षात सर्वाधिक उपयोगी ठरते ती ही शेवटची पायरी. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत शेजारच्या गावचा शिक्षक स्वतःच्या मोबाइलवर एखादी गोष्ट करून दाखवतो, बघणाऱ्याकडेही तसाच मोबाइल असतो आणि अडचण आली तर संध्याकाळी फोन करता येतो. ज्याला विचारायला संकोच वाटत नाही असा माणूस मिळणे, विशेषतः निवृत्तीकडे झुकलेल्या शिक्षकांसाठी, महत्त्वाचे असते. तज्ज्ञ व्याख्यात्याला ‘हे बटण कुठे आहे’ असे सहसा कोणी विचारत नाही.

शिकवण्याचा क्रमही महत्त्वाचा असतो. शिक्षकाचे रोजचे ओझे कमी करणारी गोष्ट, उदाहरणार्थ बोलून मराठी टंकलेखन करणे, प्रथम दाखवली तर पुढच्या गोष्टी शिकण्याची तयारी आपोआप होते. बहुवर्ग अध्यापनात एका इयत्तेने चित्रफीत पाहावी आणि तेवढ्या वेळात शिक्षकाने दुसऱ्या इयत्तेचे गणित घ्यावे, ही सोय लहान शाळेला खरोखर मोलाची आहे. मात्र चित्रफितीनंतर प्रश्न आणि लेखन नसेल तर ती केवळ मुलांना शांत बसवण्याचे साधन होते.

वीज, ऊन आणि भाषा

समग्र शिक्षा योजनेच्या केंद्रीय निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेसाठी वार्षिक संयुक्त अनुदान १०,००० रुपये ठरवलेले आहे. खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल हे सारे त्यातूनच भागवायचे असल्याने बिल थकून पुरवठा तोडला जाणे आणि दूरदर्शन संच भिंतीवर नुसता टांगलेला राहणे, हे प्रकार घडतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या टॅबच्या बॅटऱ्यांना ते मानवत नाही.

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात, अनेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. ही मुंडा कुळातील भाषा मराठीपासून सर्वस्वी वेगळी असल्याने प्रमाण मराठीतील तयार चित्रफिती पहिलीच्या मुलांना फारशा कळत नाहीत. तेथे शिक्षकाने मुलांच्या किंवा पालकांच्या आवाजात मोबाइलवर मुद्रित केलेली गोष्ट अधिक कामाची ठरते. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले गेले. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी तेथील सुविधांच्या प्रत्यक्ष स्थितीवर सभांतून प्रश्न उपस्थित केले आणि हे गाव राज्यभर चर्चेत आले. अकोला, बाळापूर, अचलपूर या भागांतील उर्दू शाळांपुढे वेगळी अडचण असते: नस्तालीक लिपीत टंकलेखन आणि उर्दूतील तयार साहित्याची चणचण.

कोविड काळ आणि नंतर

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. एप्रिलपासून ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेचे दुवे व्हॉट्सॲपवरून शिक्षकांपर्यंत रोज पोहोचू लागले. हे साहित्य दीक्षा ॲपवर होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात रुग्णसंख्या वाढून पुन्हा टाळेबंदी लागली. वर्षानुवर्षे मोबाइलपासून दूर राहिलेले शिक्षक या काळात गट चालवण्यास आणि ध्वनिमुद्रण करण्यास शिकले, कारण दुसरा मार्ग नव्हता. घरातला एकमेव स्मार्टफोन घेऊन पालक शेतात गेलेले असल्याने अनेक मुलांपर्यंत मात्र हे शिक्षण संध्याकाळीच पोहोचे किंवा पोहोचतच नसे.

टीका

२०१५ मध्ये आलेली ‘सरल’ प्रणाली, यू-डायसची माहिती आणि डिसेंबर २०२३ पासून चॅटबॉटवर भरावयाची हजेरी यांमुळे तंत्रज्ञान म्हणजे माहिती भरणे, असे समीकरण अनेक शिक्षकांच्या मनात झाले. शिक्षक संघटनांनी अशा ऑनलाइन कामांना वेळोवेळी विरोध केला आहे. तो तंत्रज्ञानाचा तिटकारा म्हणून पाहणे अपुरे ठरते. दोन शिक्षकी शाळेत नोंदी भरण्यात गेलेला अर्धा तास एखाद्या इयत्तेच्या अध्यापनातूनच वजा होतो. ‘तंत्रस्नेही’ ही ओळख असलेल्या शिक्षकाकडे आसपासच्या शाळांचीही माहिती भरण्याचे काम येते आणि मदत करणे म्हणजे शिकवणे नव्हे, तर परस्पर काम उरकून देणे, असे तिचे रूप होते.

२०१७ च्या धोरणानुसार जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन पद्धतीने होऊ लागल्या. कार्यभार सोपवताना दूरदर्शन संच आणि टॅब यांची नोंद जडसंग्रह वहीत होते. संकेतशब्द, साठवलेले धडे आणि संच चालू करण्याची रीत यांसाठी मात्र त्या वहीत रकाना नसतो. त्यामुळे नव्या शिक्षकाला पुष्कळदा जुन्या शिक्षकाचा फोन क्रमांक शोधावा लागतो, किंवा संच चालवता येणाऱ्या चौथीतल्या एखाद्या मुलाला विचारावे लागते.