जीपीएस बसवताना डॅशबोर्ड जपावा कसा?

जुन्या गाड्यांच्या बाजारात मोटारी न्याहाळत फिरले, की एक खूण पुन्हापुन्हा दिसते. स्टीअरिंगच्या डाव्या हाताला, डॅशबोर्डवर, एक गोल वर्तुळ. आधीच्या मालकाने तिथे मोबाइलचा होल्डर किंवा जीपीएस यंत्राची चकती चिकटवलेली असते. यंत्र गेले, होल्डर गेला, वर्तुळ राहिले. काही ठिकाणी वरची साल निघालेली, काही ठिकाणी डिंकाचा काळपट थर, तर काही ठिकाणी नुसताच गडद रंगाचा ठिपका. इंजिन, टायर, रंग सगळे ठीक असले, तरी घेणाऱ्याचे बोट नेमके तिथेच जाते.

हे नुकसान टाळता येण्यासारखे असते. यंत्र जड असते म्हणून डॅशबोर्ड खराब होत नाही. चुकीच्या जागी, चुकीच्या वस्तूने चिकटवलेल्या होल्डरवर रोज ऊन तापते म्हणून तो खराब होतो. त्यामुळे होल्डर निवडण्याआधी डॅशबोर्ड कशाचा बनला आहे आणि तो किती तापतो, हे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

साध्या, परवडणाऱ्या गाड्यांमध्ये डॅशबोर्ड बहुधा पॉलिप्रॉपिलिनसारख्या कडक प्लॅस्टिकचा असतो. महागड्या गाड्यांमध्ये आत कडक सांगाडा, त्यावर फोमचा थर आणि वर पीव्हीसीची किंवा तत्सम मऊ त्वचा असते. पीव्हीसी मुळात कडक असते. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर नावाची रसायने मिसळलेली असतात. उन्हाने ही रसायने हळूहळू बाहेर पडतात, त्वचा कोरडी होते आणि कालांतराने तडकते. तिच्यावर डिंकाची चकती असेल, तर हीच रसायने डिंकात शिरून त्याला चिकट, चिवट लगद्यासारखे करतात.

रंगाची गोष्ट आणखी वेगळी. चकतीच्या आजूबाजूचा भाग वर्षानुवर्षे ऊन खातो आणि फिका पडतो. चकतीखालचा भाग मात्र झाकलेला राहिल्याने कारखान्यातून आला तसाच गडद राहतो. म्हणजे घासून न निघणारा ‘डाग’ हाच पुष्कळदा डॅशबोर्डचा मूळ रंग असतो. बिघडलेला असतो तो उरलेला भाग. अशा ठिपक्यावर कुठलेही क्लीनर चालत नाही.

डॅशबोर्ड तापतो तरी किती? अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेम्पी शहरातल्या उन्हाळ्यात उभ्या केलेल्या गाड्यांची मोजमापे घेतली. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली. डॅशबोर्डचा पृष्ठभाग मात्र सरासरी ६९ अंशांपर्यंत तापला. ॲरिझोनाचा तो उन्हाळा विदर्भातल्या माणसाला अपरिचित वाटणार नाही. मे महिन्यात नागपुरात किंवा अकोल्यात उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो, तो उगाच नव्हे.

मोटारीत स्वतंत्र जीपीएस यंत्र लावण्याची लाट २००० नंतरची. अमेरिकन सरकारने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि जागा दाखवण्यातली अचूकता एकदम वाढली. २००४ मध्ये टॉमटॉम कंपनीचे ‘गो’, तर २००५ मध्ये गार्मिनचे ‘नुव्ही’ बाजारात आले. ही यंत्रे पुढच्या काचेला सक्शन कपने लावायची असत. ज्यांना काचेवर लावायचे नव्हते त्यांच्यासाठी खोक्यात अनेकदा प्लॅस्टिकची एक गुळगुळीत चकतीही मिळे. ती डॅशबोर्डवर चिकटवायची आणि तिच्यावर सक्शन कप बसवायचा. ही चकती एकदा बसली की काढणे अवघड, आणि आज दिसणाऱ्या वर्तुळांपैकी बरीचशी तिचीच देणगी. पुढे यंत्राची जागा मोबाइलने घेतली, पण होल्डर कुठे बसवायचा हा प्रश्न तसाच राहिला.

डॅशबोर्डला अजिबात हात न लावणारा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काच. सक्शन कप काचेला ‘चिकटत’ नाही. कपाखालची हवा बाहेर ढकलली जाते आणि बाहेरच्या हवेचा दाब त्याला काचेवर दाबून धरतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. सहा सेंटिमीटर व्यासाच्या कपाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आतली सगळी हवा निघाली असती तर कपावर जवळजवळ २८ किलोंचा दाब पडला असता. प्रत्यक्षात थोडी हवा उरतेच, तरी दोनशे ग्रॅमच्या फोनसाठी उरलेला दाब पुष्कळ होतो.

मग दुपारी उभ्या गाडीत होल्डर धाडकन का पडतो? कपात उरलेली हवा तापून फुगते, रबर मऊ होते आणि कडेने हवा आत शिरते. खरखरीत डॅशबोर्डवर तर ही हवा पहिल्या मिनिटापासून आत येत असते. म्हणून साधा सक्शन कप गुळगुळीत काचेवरच लावावा. काच आणि कप दोन्ही स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावेत, कपाच्या कडेला ओलाव्याचा अगदी पातळ थर राहू द्यावा आणि मग खटका दाबावा. चिकट जेलचे कप खरखरीत पृष्ठभागावरही बसतात, पण मऊ डॅशबोर्डवर ते उन्हात महिनोन्‌महिने राहिले, तर तिथे चकचकीत वर्तुळ उमटते.

काचेवर लावायचे म्हणजे कुठेही लावायचे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात काचेवर जीपीएस लावायला पूर्वी परवानगीच नव्हती. १ जानेवारी २००९ पासून ती मिळाली, पण मोजून मापून: चालकाच्या शेजारच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात सात इंचांचा चौरस, किंवा चालकाच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पाच इंचांचा चौरस. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेला बदल वापराविषयी बोलतो. गाडी चालवताना हातातले संपर्कसाधन केवळ मार्ग पाहण्यासाठी वापरता येते, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने. फोन मांडीवर किंवा हातात धरून नकाशा पाहणे या अटीत बसवणे कठीण. म्हणून होल्डर लागतोच.

भारतीय रस्त्यांवर उजवा कोपरा धोक्याचा असतो. तिथे काचेच्या कडेच्या खांबामुळे आधीच थोडा भाग झाकलेला असतो. त्याच्या शेजारी फोन आला, की वळणावर उजवीकडून येणारी दुचाकी किंवा रस्ता ओलांडणारा माणूस त्यामागे सहज लपतो. त्यापेक्षा स्टीअरिंगच्या किंचित डावीकडे, काचेच्या तळाशी, बॉनेटच्या रेषेखाली पडदा राहील अशी जागा बरी. आरशामागे फास्टॅग असतो, नव्या गाड्यांत रस्ता पाहणारा कॅमेराही असतो. त्या दोघांसमोर काहीही येऊ नये.

गाडी उभी केली की होल्डरमधून यंत्र काढून घ्यावे. ॲपलच्या सूचनेनुसार आयफोन ठेवण्यासाठीची कमाल मर्यादा ४५ अंश आहे; उन्हातली बंद गाडी ती सहज ओलांडते. स्वतंत्र जीपीएस महाग होते त्या काळात ब्रिटन-अमेरिकेतले पोलीस आणखी एक गोष्ट सांगत: काचेवरचा कपाचा गोल ठसाही पुसून टाका, कारण तो पाहून चोराला आत यंत्र असल्याचा सुगावा लागतो.

काच नको असेल त्यांच्यासाठी वजनाचा आधार आहे. गार्मिनने विकलेल्या फ्रिक्शन माउंटमध्ये दाणे भरलेली जड, लवचीक बैठक असते. ती डॅशबोर्डच्या उंचसखल आकारावर अंग टाकून बसते, खालचे रबर तिला सरकू देत नाही आणि डिंकाचा थेंबही लागत नाही. भाड्याची गाडी घेणाऱ्यांना किंवा दोन गाड्यांत एकच यंत्र वापरणाऱ्यांना हा उत्तम पर्याय. फक्त डॅशबोर्ड सपाट हवा. उताराच्या डॅशबोर्डवर घाटातल्या वळणांना ती बैठक घसरते. काळे रबरही बराच काळ एकाच जागी तापले तर डाग पाडू शकते. म्हणून ती अधूनमधून उचलून खालचा भाग ओल्या फडक्याने पुसावा.

एसी व्हेंटवर चिमट्याने बसणारे होल्डर सर्वाधिक लोकप्रिय आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांचा एक खरा फायदा आहे. चार्जिंग, नकाशा आणि ऊन यांनी तापलेल्या फोनला थंड हवा मिळते. पण व्हेंटच्या पट्ट्या हवेची दिशा वळवण्यापुरत्याच बनवलेल्या असतात. मोठा फोन आणि खड्ड्यांचा रस्ता यांच्यापुढे त्या वाकतात, प्रसंगी मोडतात, आणि एक पट्टी मोडली तरी बहुतेक वेळा पूर्ण व्हेंट बदलावा लागतो. घ्यायचाच तर पट्टीच्या मागे हूक अडकवून स्क्रूने आवळायचा आणि खाली डॅशबोर्डवर टेकणारा पाय असलेला होल्डर घ्यावा. त्यामुळे वजन पट्टीवर न येता पायावर येते. हिवाळ्यात हीटर लावताना मात्र तो व्हेंट बंद ठेवावा.

आणखी एक मार्ग अडकवण्याचा. स्वीडनमधील ब्रॉडिट ही कंपनी विशिष्ट मॉडेलसाठी विशिष्ट कंस बनवते. डॅशबोर्डच्या दोन भागांमधल्या फटीत तो कंस ताणाने अडकतो. ना छिद्र, ना काचेचा आधार. आपल्या गाडीसाठी असा कंस मिळत असेल, तर रोज वापरणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. सीडीची खाच किंवा कपहोल्डर यांत बसणारे होल्डरही डॅशबोर्डला हात लावत नाहीत, मात्र कपहोल्डरातला पडदा पाहायला नजर रस्त्यावरून फार खाली न्यावी लागते.

दुहेरी टेप हा शेवटचा पर्याय ठेवावा. आपल्याकडे डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्तीही बहुधा याच टेपने बसवतात, त्यामुळे पुढचे सगळे तिलाही लागू आहे. थ्रीएमची व्हीएचबी जातीची टेप ॲक्रिलिक फोमची असते आणि योग्य बसवली तर उन्हातही टिकते. पण पॉलिप्रॉपिलिनवर डिंक मुळातच नीट धरत नाही, आणि सिलिकॉनचे पॉलिश मारलेल्या चकचकीत डॅशबोर्डवर तर अजिबात नाही. जागा आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून पुसावी. त्याआधी हे मिश्रण कोपऱ्यात लावून पाहावे. टेप दाबून बसवल्यावर तिला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात, म्हणून तोवर फोन लावू नये. टेप धरत नाही म्हणून थेंबात चिकटणारा गोंद वापरणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी झाक उमटते आणि काढताना साल निघते.

जुनी चकती काढायची असेल तर स्क्रूड्रायव्हर लांब ठेवावा. हेअर ड्रायरने तिला कोमट करावे, मग मासेमारीचा दोरा किंवा दातांत फिरवायचा धागा तिच्याखाली घालून करवतीसारखा ओढावा. उरलेला डिंक अंगठ्याने गुंडाळत काढावा. चिवट भागावर फडक्याने थोडे खोबरेल तेल लावून वाट पाहावी आणि शेवटी साबणाच्या पाण्याने पुसावे. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर डॅशबोर्डजवळ आणू नयेत. रिमूव्हरमधले ॲसिटोन काही प्लॅस्टिक अक्षरशः विरघळवते.

एक जागा मात्र कुठल्याही पद्धतीसाठी बंद समजावी, ती म्हणजे एअरबॅगची. डावीकडच्या प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या आत असते आणि तिथे बहुधा ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरे कोरलेली असतात. अनेक गाड्यांत तिच्या झाकणाची शिवण वरून दिसतही नाही. अपघातात ही पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात फुगते. तिच्या वाटेत असलेला होल्डर, फोन किंवा मूर्ती प्रवाशाच्या तोंडावर फेकली जाते.

टॅक्सी आणि बसचालकांचा प्रश्न थोडा निराळा आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंद होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, दुचाकी, ई-रिक्षा आणि तीनचाकी वगळून, स्थान कळवणारे यंत्र आणि आणीबाणीचे बटण आवश्यक झाले. हे यंत्र डोळ्यांसमोर असण्याची गरज नसते. जीपीएसचे संकेत सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येतात. ते प्लॅस्टिकमधून सहज आत येतात, धातूतून येत नाहीत. म्हणून ॲण्टेना डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, आकाशाकडे तोंड करून, वर लोखंडी पट्टी नसेल अशा जागी बसवली तरी पुरते. वीज घेण्यासाठी मूळ वायर सोलून जोड देण्याऐवजी फ्यूजबॉक्समध्ये फ्यूज टॅप वापरायला सांगावे. खासगी गाडीत नुसता मागोवा हवा असेल, तर स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारे यंत्र मिळते, त्याला वायर कापावीच लागत नाही. गॅरेजमध्ये काम झाल्यावर वीज कोणत्या फ्यूजवरून घेतली, हे बिलावरच लिहून घ्यावे. पुढे कधी विजेचा बिघाड निघाला, तर तो शोधण्यासाठी मेकॅनिकला पूर्ण डॅशबोर्ड उघडावा लागत नाही.