घरातले पहिले चित्र

शेतकऱ्याच्या घराला कलेचे काय देणेघेणे, असे शहरातले लोक सहज बोलून जातात. ते खरे नाही. पोळ्याला बैलांची शिंगे आपण हौसेने रंगवतो. घराची चौकट आणि बैलगाडीची जुवे-साट्या घडवणाऱ्या सुताराचा हात आपण नावाजतो. गणपतीची मूर्ती आणायला गेलो की मूर्तिकाराच्या हातावर पैशांबरोबर नारळही ठेवतो. कारागिराला सांभाळणे ही आपल्या गावांची जुनी रीत आहे. फक्त तिला कोणी 'कलेला आश्रय' असे मोठे नाव दिले नाही, इतकेच.

पण आपल्या माजघराच्या भिंतीकडे एकदा नीट पाहा. तिथे काय दिसते? बियाणांच्या दुकानातून आलेले कॅलेंडर, एखादा छापील देव आणि जत्रेत घेतलेले परदेशी धबधब्याचे चकचकीत चित्र. आपल्या शिवाराचे, आपल्या माणसांचे, आपल्याच तालुक्यातल्या कोणी काढलेले चित्र मात्र शंभरातल्या एखाद्या घरीही सापडणे कठीण.

असे का व्हावे? चित्र काढणारे हात गावात नाहीत, असे तर नाही. शाळेच्या फळ्यावर सणावाराला सुंदर चित्र काढणारी मुलगी प्रत्येक गावात असते. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, खेड्यापाड्यांतली मुले बसतात आणि चांगल्या श्रेणीने उत्तीर्णही होतात. पुढे काय होते ते आपण पाहतोच. मुलगी सासरी जाते आणि रंगांची पेटी माहेरच्या माळ्यावर राहते. मुलगा कारखान्याच्या दारात उभा राहतो. पूर्वी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या फळ्या रंगवून थोडेफार पोट भरत असे. छापील फ्लेक्स आले आणि तो आधारही बराच गेला. हात चांगला असूनही काम सुटते, कारण त्या हाताला जवळचे गिऱ्हाईक नसते.

हे गिऱ्हाईक आपण होऊ शकतो. त्यासाठी वाडा लागत नाही आणि बँकेत मोठी ठेवही लागत नाही.

कागद, दाम आणि नाव

नव्या कलावंताला काय लागते, हे समजायला एका मराठी माणसाचे काम पाहण्यासारखे आहे. भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे चित्रकार. 1966-67 साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. मिथिलेतल्या बायका पिढ्यान् पिढ्या लग्नघराच्या भिंतींवर चित्रे काढत. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने कुलकर्णी मधुबनी भागात गेले. भिंतीवरची तीच चित्रे कागदावर काढावीत आणि ती विकून घरात चार पैसे यावेत, अशी ती योजना होती. पीक बुडालेल्या घरांना त्या चित्रांनी आधार दिला. पुढे जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी अशा खेड्यातल्या स्त्रियांना पद्मश्री मिळाली.

हेच कुलकर्णी 1970 नंतरच्या काही वर्षांत आपल्या डहाणू भागात आले. वारल्यांच्या घरी लग्नात सवाष्णी बायका गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघाट देवी असते. लग्न झाले की ते चित्र हळूहळू विरून जाई. विकत घेण्याची ती वस्तूच नव्हती. तिथे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यांना भेटले. हा माणूस लग्नाकार्याची वाट न पाहता रोज चित्रे काढत असे. त्याला कागद मिळाला, कामाचे पैसे मिळाले आणि मुख्य म्हणजे त्याच्या चित्राबरोबर त्याचे नाव गेले. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्याच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2011 साली पद्मश्री. 2018 मध्ये जिव्या सोमा वारले, तेव्हा त्यांच्या घरातली पुढची पिढी चित्रेच काढत होती.

कागद, दाम आणि नाव. या तीन गोष्टींपैकी एकही अशी नाही, की जी साध्या शेतकरी कुटुंबाला देता येणार नाही.

जिथे नाव सुटते तिथे काय होते, तेही वारली चित्रांतच दिसते. आज चादरीवर, कपबशीवर, हॉटेलच्या भिंतीवर वारली नाचाची वर्तुळे छापलेली असतात. ती कोणाची, हे कोणी विचारत नाही आणि छापणारा काढणाऱ्याला पैसा देईलच असे नाही. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने कलेच्या नावाला संरक्षण मिळाले. पण माणसाच्या हाती पैसा पडायचा, तर चित्र त्या माणसाकडूनच घ्यावे लागते.

राजाचा संग्रह, गोठ्यातला संग्रह

संग्रह म्हटले की डोळ्यांपुढे राजेरजवाडे येतात. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय बांधले आणि 1938 साली ते लोकांना खुले झाले. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या दगडी शिल्पापर्यंत अनेक गोष्टी तिथे आहेत. औंधला गेलात तर यमाईच्या दर्शनाबरोबर तेही अवश्य पाहा. डोळ्यांना वळण लागते.

पण संग्रह करायला राजेपण लागत नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे लोक चित्रकथी सांगतात. चित्रांची पोथी पुढे धरायची, एकेक पान दाखवायचे आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. करमणुकीची नवी साधने आली तशी ही कला मागे पडली. परशुराम गंगावणे यांनी जुन्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या सांभाळल्या आणि आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यातच त्यांचे संग्रहालय केले. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात संग्रह उभा राहू शकतो, तर आपल्या ओसरीवर एक चित्र लागायला काय हरकत आहे?

चित्रकार कुठे सापडेल?

सुरुवात गावच्या शाळेतून करावी. चित्रकलेच्या शिक्षकांना विचारा, "गुरुजी, गेल्या दहा वर्षांत तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलांत हात कोणाचा चांगला होता? आज ती मुले कुठे आहेत?" बहुतेक गुरुजींना दोन-तीन नावे तोंडपाठ असतात. अनेक शिक्षक स्वतःच उत्तम चित्रकार असतात आणि त्यांचीही चित्रे कोणी विचारत नाही.

गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तिकाराच्या कारखान्यात डोकवा. डोळे लिहिण्याचे काम कोणाकडे दिले आहे ते पाहा. तो हात सर्वांत भरवशाचा असतो. रांगोळीच्या स्पर्धेत पहिली येणारी बाई, तमाशाच्या किंवा नाटकाच्या पडद्याचे रंगकाम करणारा, कुंभाराच्या घरचा धाकटा मुलगा, सर्वांकडे लक्ष असू द्या. कोल्हापूर, पुणे, नाशिक, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, नागपूर या शहरांत कामाला गेलात तर तिथल्या कला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन पाहावे. आपल्याच तालुक्यातली मुले तिथे शिकत असतात आणि शिकत असताना त्यांच्या चित्रांची किंमतही आवाक्यातली असते. मुंबईत जहांगीर कलादालनात जायला तिकीट लागत नाही. धोतर-टोपी पाहून कोणी अडवतही नाही.

निवड कशी करावी?

बैल घेताना आपण एका बाजारात व्यवहार उरकत नाही. दात पाहतो, चाल पाहतो, जुंपून पाहतो. चित्राचेही तसेच. एकच चित्र पाहून ठरवू नये. दहा-बारा चित्रे मांडायला सांगा. जुनी आणि नवी शेजारी ठेवा. हात पुढे चालला आहे की एकच नक्कल पुन्हा पुन्हा उतरते आहे, ते आपोआप कळते. कॅलेंडरातल्या चित्राची हुबेहूब नक्कल करणारा कसबी असेलही. पण आपल्या विहिरीवरची मोट, भर उन्हात निंदणाऱ्या बायका, पावसाआधीचे काळे आभाळ ज्याने स्वतः पाहून काढले, त्याच्याकडे वळावे.

चित्र हातचे आहे की छापील, अशी शंका आली तर भिंगातून पाहावे. छापील चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हाताच्या रेघेत जाडी कमी-जास्त होते, रंग कुठे दाट तर कुठे विरळ असतो.

निवडताना घरच्या सर्वांना बरोबर घ्यावे. चित्रासमोर दिवसातून दहा वेळा जाणार आहे ती घरची लक्ष्मी. तिचा शब्द आधी. पाहिल्यावर आठ दिवस थांबा. आठ दिवसांनीही ते चित्र डोळ्यांपुढे येत असेल तर खुशाल घ्या.

एक गोष्ट मात्र मनातून काढून टाकावी. उद्या याचे दहापट पैसे होतील म्हणून चित्र घेऊ नये. तसे क्वचितच होते. चित्र म्हणजे सोने नव्हे, अडचणीच्या वेळी ते गहाण पडणार नाही. पिकाच्या कर्जाचा किंवा मुलांच्या फीचा पैसा त्यात घालू नये. सणाला कपडालत्ता घेतो, त्यातूनच एखाद्या वर्षी चित्र घ्यावे.

दाम किती द्यावा?

व्यापाऱ्याने कांदा निम्म्या भावाने मागितला की आपला जीव किती तुटतो! चित्रकाराच्या ओट्यावर आपणच तो व्यापारी होऊ नये.

हिशेब सोपा आहे. चित्राला किती दिवस लागले ते विचारा. समजा सहा दिवस लागले. आपल्या गावातली आजची दिवसाची मजुरी धरून सहाने गुणा. कागद, रंग आणि चौकटीचा खर्च मिळवा. ही झाली तळची रेघ. तिच्याखाली दिले तर तो घरचे खाऊन आपल्यासाठी राबला, असा अर्थ होतो. वर्षानुवर्षे हात घासून आलेल्या कसबाचे मोल याच्या वर येते. परवडत नसेल तर भाव पाडण्यापेक्षा लहान चित्र घ्यावे. पेन्सिलीचे किंवा शाईचे रेखाचित्र स्वस्त पडते आणि हाताची परीक्षाही त्यातच खरी होते.

आपला पैसा सुगीला येतो. म्हणून विसार देऊन चित्र राखून ठेवावे आणि माल विकला गेल्यावर उरलेली रक्कम द्यावी. पण तारीख कागदावर लिहावी आणि पाळावी. 'बघू पुढच्या महिन्यात' या शब्दांनी कितीतरी कारागीर मोडले आहेत.

आणखी एक. तयार चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्क विकत घेतला असे नव्हे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क चित्रकाराने लिहून दिला नसेल तर त्याच्याकडेच राहतो. तेव्हा लग्नपत्रिकेवर किंवा गुळाच्या खोक्यावर ते चित्र छापायचे असेल तर त्याला विचारावे आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत.

नोंद आणि जपणूक

घरात एक वही करा. चित्रकाराचे नाव, गाव, चित्र घेतल्याची तारीख, दिलेली रक्कम, रंग कोणते आणि चित्राविषयी तो काय म्हणाला, हे सारे तिच्यात लिहा. चित्रावर सही नसेल तर करून घ्या आणि मागे पेन्सिलीने साल घालायला सांगा. नाव नसलेले चित्र पुढच्या पिढीत अनाथ होते.

कागदाच्या चित्राला काच लावावी, पण काच कागदाला टेकू देऊ नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची किनार ठेवावी, नाही तर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. मागे रद्दीचा कागद वापरू नये, त्याने चित्र पिवळे पडते. खळीने किंवा गोंदाने चित्र पुठ्ठ्यावर डकवू नये. चुलीचा धूर, थेट ऊन आणि पावसाचा मारा बसणारी भिंत, या तिन्ही जागा टाळाव्यात. चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांवर बुचाचे दोन तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. दिवाळीच्या साफसफाईत चित्र खाली काढून मागची बाजू पाहावी. वाळवी आणि कसर तिथूनच शिरतात. धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झटकावी, ओले फडके लावू नये.

एका घराकडून गावाकडे

एका चित्राने चित्रकाराचे वर्ष निघत नाही, हे खरे. पण एका घरात चित्र लागले की पाहुणे विचारतात, "कोणी काढले हो?" त्या प्रश्नाला नाव आणि गाव सांगून उत्तर द्यायचे. मग दूध संस्थेच्या कचेरीत, पतपेढीच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या सभागृहात छापील तसबिरीऐवजी गावच्या हाताचे चित्र लावण्याचा ठराव कोणीतरी मांडू शकतो. लग्नात पाच घरांनी मिळून कोणी नेसणार नाही अशा साड्यांऐवजी एक चित्र आहेर म्हणून देता येते. जत्रेच्या दिवशी शाळेची एक खोली मागून घेतली, दोऱ्या बांधल्या, तर पंचक्रोशीच्या चित्रांचे प्रदर्शन होते.

जो आज शिकतो आहे त्याला कौतुकापेक्षा काम हवे असते. माळ्यावर पडलेली एखादी रंगांची पेटी आपल्या एका मागणीने पुन्हा खाली येऊ शकते. या सुगीनंतर गुरुजींकडे एक चक्कर टाका आणि ती दोन-तीन नावे लिहून आणा.