चित्रांतील डोळा कोठें आहे?

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक चित्र आलें. आमचा वडिलोपार्जित वाडा दुमजली आहे. त्याच्या दक्षिणेस असलेली मोकळी जागा बांधकाम करणाऱ्या एका गृहस्थांस द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न सर्व भावंडांपुढें होता. त्या गृहस्थांनीं रस्त्यावरून वाड्याचें छायाचित्र घेऊन त्यांत नियोजित पांचमजली इमारत संगणकानें रेखून बसविली होती. चित्र मोठें मोहक! नवी इमारत वाड्याच्या कौलांच्या बरोबरीचीच दिसत होती. थोरल्या बंधूंनीं सहीसाठीं चष्मा चढविला. इतक्यांत स्थापत्यशास्त्र शिकणारा आमचा पुतण्या म्हणाला, "मोठे काका, सही उद्यां करा. आधीं या चित्राला फूटपट्टी लावून पाहूं."

त्यानें जें दाखविलें तें कोणत्याहि घरांत उपयोगी पडेल, म्हणून येथें सांगतों.

छायाचित्र म्हणजे एका ठराविक जागीं असलेल्या एकाच डोळ्यास झालेलें दर्शन. पंधराव्या शतकाच्या आरंभीं फ्लॉरेन्स येथें ब्रुनेलेस्की या शिल्पज्ञानें एक प्रयोग केला. चर्चच्या दारांतून समोरची अष्टकोनी इमारत जशी दिसे, तशी त्यानें फळीवर रंगविली. फळीला एक भोंक पाडिलें. पाहणाऱ्यानें मागच्या बाजूनें त्या भोंकाला डोळा लावावा व दुसऱ्या हातांत आरसा धरून त्यांतील चित्र पाहावें, अशी योजना होती. चित्र खरें वाटावयाचें तर पाहणाऱ्याचा डोळा चित्रकाराच्या डोळ्याच्या जागीं असला पाहिजे, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. छायाचित्रांत संगणकीय इमारत बसवितांना तोच नियम लागू पडतो.

मग छायाचित्र घेणाऱ्याचा डोळा शोधावा कसा? खिडक्यांच्या कडा, चौकटींच्या वरच्या बाजू, माडीचा कठडा या रेषा वस्तुतः समांतर असतात. परंतु छायाचित्रांत त्या दूर जातां जातां एकमेकींकडे झुकतात, आणि वाढविल्या असतां एका बिंदूंत मिळतात. वाड्याच्या काटकोनांतील दोन भिंतींपासून असे दोन बिंदु निघाले. त्यांना जोडणारी ती क्षितिजरेषा. जमीन सपाट असेल तर ही रेषा जवळच्या माणसास व दूरच्या भिंतीस सारख्याच उंचीवर छेदते, आणि ती उंची कॅमेऱ्याची असते. आमच्या सात फुटी दरवाजाला ती पांच फुटांवर छेदीत होती; म्हणजे कॅमेरा जमिनीपासून पांच फूट उंच होता.

पुतण्यानें तीच रेषा नव्या इमारतीवर नेली. तेथेंहि ती तळमजल्याच्या दारांना पांच फुटांवर छेदावयास हवी होती. पण ती दारांच्या डोक्यावरून, पहिल्या मजल्याच्या जमिनीवरून गेली! तळमजला दहा फुटांचा. म्हणजे पांच फुटांच्या जागेंत दहा फूट कोंबले होते, आणि इमारत निम्मी होऊन बसली होती. एका चित्रांत दोन डोळे शिरले होते. सायंकाळीं दिसलेली आकृति खांब कीं पुरुष, असा संशय नैयायिक घेतात; आम्हांस तेवढाहि संशय आला नव्हता.

खरी जुळणी कशी करावी हेंहि त्यानें सांगितलें. चित्र कडेनें कापलेलें नसेल, तर त्या दोन बिंदूंच्या स्थानांवरून भिंगाचें नाभीय अंतर काढतां येतें. त्याबरोबर कॅमेऱ्याची जागा, उंची व रोख जुळले, आणि एक मोजलेली लांबी माप म्हणून दिली, कीं संगणकांतील वाडा छायाचित्रांतील वाड्यावर कडेला कड लागून बसतो. जुना वाडा असा बसला, कीं मगच नवी इमारत त्याच्या शेजारीं ठेवावी. १९९६ सालीं बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत पॉल डेबेव्हेक, कॅमिलो टेलर व जितेंद्र मलिक यांनीं याहून पुढची रीति प्रसिद्ध केली: माणसानें थोड्या छायाचित्रांतील कडा दाखवावयाच्या, आणि संगणकानें इमारतीचीं मापें व कॅमेऱ्याच्या जागा दोन्ही शोधावयाच्या.

बांधकामाच्या गृहस्थांनीं वाद घातला नाहीं. इमारत नजरेच्या अंदाजानें बसविली होती, असें त्यांनीं कबूल केलें. आठ दिवसांनीं दुसरें चित्र आलें. त्यांत इमारत कौलांच्या दुप्पट उंच होती. तें पाहून वहिनींनीं एकच प्रश्न विचारला, "मग थंडींत तुळशीपाशीं ऊन कोठून यावयाचें?" त्यावर थोरल्या बंधूंजवळहि उत्तर नव्हतें. आतां तीन मजल्यांची बोलणीं चालू आहेत; सही अद्याप झालेली नाहीं.

वाचकांस आमची एवढीच विनंति: असें चित्र घरीं आलें तर त्याचे रंग मागाहून पाहावे. आधीं एक फूटपट्टी घ्यावी, आणि जुन्या घराची क्षितिजरेषा नव्या घराच्या दारावरून नेऊन पाहावी.