नेहमीचा ‘गॅस’ कधी हर्नियाही असतो

हर्निया म्हटला की आपल्याला जांघेतला फुगवटा आठवतो. पण एक हर्निया जन्मजात असतो आणि बाहेरून दिसतच नाही.

छाती व पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. गर्भात पहिल्या तीन महिन्यांत हा पडदा तयार होतो. क्वचित त्यात मागच्या बाजूला, बहुधा डावीकडे, छिद्र राहते. बोखडालेक यांनी १८४८ साली त्याचे वर्णन केले. बहुतेकांना जन्मतःच श्वासाचा त्रास होतो. पण काहींना चाळिशीपर्यंत पत्ताच लागत नाही. मग जड ओझे, जोराचा खोकला किंवा गरोदरपण यांमुळे पोटात दाब वाढतो आणि जठर, आतडे छातीत सरकते.

जेवल्यावर धाप लागते, डावी बाजू दुखते, उलटी होते. आपण गॅस म्हणून सोडा पितो. एक्स-रेत कधी छातीत पाणी झाल्यासारखे दिसते; तसे समजून नळी घातली तर जठराला इजा होऊ शकते. सीटी स्कॅनने उलगडा होतो. ऑपरेशन करून अवयव खाली घेतात, छिद्र शिवतात; मोठे असल्यास जाळी बसवतात.

बंधू-भगिनींनो, प्रत्येक गॅस हर्निया नव्हे. पण त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. अचानक असह्य कळा, थांबत नाहीत अशा उलट्या, धाप लागली तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. कामाचा एक खाडा भरून निघतो. आत अडकून सडलेले आतडे जिवावर बेतते.