सिनेमा भिडला, पण मोजायचा कसा?

"सिनेमा आतपर्यंत भिडला" किंवा "जाम निराशा झाली" असं आपण सहज बोलून जातो. पण पीएचडीच्या मुलाखतीत "सिनेमाचा प्रेक्षकांवर होणारा परिणाम" असा विषय सांगितलात, तर पहिला प्रश्न ठरलेला: परिणाम म्हणजे नक्की काय, आणि तो मोजणार कसा?

उरी हॅसन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या पेपरात याचं एक उत्तर आहे. लोकांना एफएमआरआय मशीनमध्ये झोपवून वेगवेगळ्या फिल्म दाखवल्या आणि सगळ्यांच्या मेंदूतली हालचाल एकाच वेळी सारखी वरखाली होते का, ते पाहिलं. याला म्हणतात इंटर-सब्जेक्ट कोरिलेशन. हिचकॉकच्या एका टीव्ही एपिसोडला कॉर्टेक्सचा ६५ टक्क्यांहून जास्त भाग जुळला. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ला ४५ टक्के, एका विनोदी मालिकेला १८. आणि न्यूयॉर्कच्या बागेत कॅमेरा नुसता उभा करून घेतलेल्या शॉटला ५ पेक्षाही कमी! बाग अगदी खरी होती, पण कुठे बघायचं हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. त्यामुळे "वास्तववादी म्हणून भिडतो" हे आपलं नेहमीचं उत्तर मला तरी अपुरं वाटतं.

मात्र जुळणं म्हणजे भिडणं नव्हे. फटाका वाजला तरी सगळे एकदमच दचकतात. हा कलात्मक दर्जाचा मापदंड नाही, हे त्या पेपरातही म्हटलंय.

निराशेचं गणित वेगळं. रिचर्ड ऑलिव्हर यांच्या १९८० च्या मांडणीनुसार समाधान हे अपेक्षा आणि अनुभव यांतल्या फरकावर ठरतं. मग 'सैराट' (२०१६) आणि 'धडक' (२०१८) यांची तुलना करायची? मोह होतो, पण भाषा, जातीचं चित्रण, शेवट, सगळंच एकदम बदललंय. शिवाय 'सैराट' बघून आलेल्यांची अपेक्षा आधीच वेगळी. कशामुळे काय झालं, कसं सांगणार?

त्यापेक्षा एकच गोष्ट बदला. (सैराट पाहिला नसेल तर इथेच थांबा.) शेवटी ते पोर रक्ताची पावलं उमटवत बाहेर जातं आणि आवाज बंद असतो. सिनेमा न पाहिलेल्यांचे दोन गट करा. दोघांनाही पूर्ण सिनेमा दाखवा, फक्त एका गटाला शेवटी पार्श्वसंगीत घालून. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मित्रमंडळी एकाच गटात बसवायची नाहीत.