कामाचा भार आणि माणसाची शक्ती

आपल्या सुरतेच्या रिंगरोडवरील कापडबाजारात दिवाळीपूर्वीचे दोन महिने कसे जातात, हे सभासद बंधूंना सांगावयास नको. घरच्या मंडळींना तर ते अधिकच ठाऊक. यजमान पानावर बसतात तेही कानाशी फोन धरूनच! हंगामाचा हा थकवा चार दिवसांच्या विश्रांतीने उतरतो. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो न उतरणारा शीण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ या नावाने त्याची नोंद घेतली. हा रोग नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने उद्भवणारी अवस्था होय, असे तिने म्हटले. शक्ती सरल्यासारखे वाटणे, कामाविषयी मनात दुरावा वा कडवटपणा येणे आणि कार्यक्षमता घटणे, ही तिची तीन लक्षणे.

यांपैकी दुसरे लक्षण आम्हां व्यापाऱ्यांना आळसासारखे दिसते. आमच्या पेढीवरील वृद्ध मुनीमजी एका हंगामात अबोल झाले. आम्ही त्यांना दोनदा सर्वांदेखत टोकले. पुढे साड्यांच्या दोन पार्सलांची अदलाबदल होऊन ती भलत्याच आडत्यांकडे गेली, आणि त्या वर्षी मुनीमजी चोपडापूजनास आले नाहीत. दोष त्यांचा म्हणावा, तर हिशेब निराळेच सांगतो. त्यांच्या गादीवरून दिवसाला ६० बिले नीट निघत. आम्ही वचन देत होतो ९० चे. रोजची शिल्लक ३०, सहा दिवसांची १८०. म्हणजे नवे एकही बिल न घेता पुऱ्या ३ दिवसांचे काम! गोदामात माल असा तुंबला असता, तर आम्ही तत्काळ खरेदी थांबविली असती. माणसाच्या माथी तुंबलेले काम मात्र डोळ्यांना दिसत नाही.

तासांचा प्रश्नही आहेच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. तरीही सुरतेच्या यंत्रमागांवर १२ तासांच्या पाळ्या रूढ झाल्या, आणि त्या मागांपुढे उभे राहणाऱ्यांत आपले खानदेशी बांधव पुष्कळ. आठवड्यास ५५ वा अधिक तास राबणाऱ्यास, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याहून पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के व हृदयविकाराने मृत्यूचा सुमारे १७ टक्के अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ सालच्या अभ्यासात आढळले. हे मालकासही लागू आहे. तो स्वतःचे तास मोजीत नाही, इतकेच. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नेम पाळणारे सभासद निदान एकदा तरी गादीवरून उठतात!

उपाय वचन देण्यापूर्वीच करावयाचा असतो. शक्ती ६० ची असेल, तर ५० च स्वीकारावीत. कारण कोणी आजारी पडतो, कधी रंगाई-छपाईच्या मिलमधून कापड उशिरा येते. एकाच माणसाला ठाऊक असलेले काम दुसऱ्यासही शिकवून ठेवावे, म्हणजे पहिल्यास रजा मागताना संकोच वाटत नाही.

मुनीमजी दोन महिन्यांनी परतले, ते अर्ध्या दिवसापुरते. आता सकाळी फळ्यावर आकडा तेच लिहितात. तो भरला, की आडत्यास पुढची तारीख कळविली जाते. पहिल्या वर्षी दोन आडते तुटले. त्यांपैकी एक पुढल्या लग्नसराईत परत आला.